शॉवरची धार मंदावली, तर दोष चकतीचाच असतो का?

सहावा_मजला

नमस्कार. पुण्यातील आमच्या सोसायटीत वर्षातील बराच काळ महापालिकेचे पाणी येते आणि उन्हाळ्यात त्यात बोअरचे व टँकरचे पाणी मिसळले जाते. गेल्या दिवाळीच्या सुमारास पाहुण्यांच्या न्हाणीघरातील शॉवरचे पाणी सरळ खाली पडण्याऐवजी एका बाजूने आरशावर आणि दुसऱ्या बाजूने दारावर उडू लागले, आणि मध्ये उभ्या असलेल्या माणसाला चार-पाच थेंबांपलीकडे काही लाभेना. बोलावलेल्या प्लंबरने खालूनच मान वर करून पाहिले आणि चकती, म्हणजे शॉवरचे छिद्रांचे तोंड, गेली आहे, ती बदला, असा निकाल दिला. आम्ही चकती बदलली. आठ महिन्यांत नवीही तशीच वागू लागली, तेव्हा मात्र मी स्टुलावर चढून स्वतः पाना हातात घेतला.

चकती काढून मी भिंतीतून येणाऱ्या नुसत्या दांड्यातून पाणी सोडून पाहिले, आणि तिथेच खरा प्रकार कळला, कारण दांड्यातून येणारी धारच करंगळीएवढी होती. म्हणजे चकतीची छिद्रे भरली होती हे खरे, पण मूळ अडथळा तिच्या आधी कुठेतरी होता. घरात येणारा मुख्य व्हॉल्व्ह आणि गीझरच्या दोन्ही तोट्या बंद करून मी भिंतीवरच्या मिक्सरचे, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणाऱ्या नळाचे, दोन्ही नट सैल केले. प्रत्येक नटाच्या आत जाळीचा एक वॉशर निघाला. गरम पाण्याच्या बाजूची जाळी पांढऱ्या खपल्यांनी जवळजवळ बुजली होती, तर गार पाण्याच्या बाजूला बारीक वाळू, सिमेंटचे कण आणि टेफ्लॉन टेपची एक चिंधी अडकलेली होती. दोन्ही जाळ्या जुन्या दातघासणीने नळाखाली धुतल्या, चकती लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात पाऊण तास बुडवून ठेवली आणि सगळे परत बसवले. आता त्याच चकतीतून पाणी अंगावर पडते.

हा धागा काढण्याचे कारण असे की, फरशी, आरसा आणि नळाचा दर्शनी भाग आपण दर आठवड्याला पुसतो, परंतु शॉवरशी जोडलेले जे भाग आत, मागे किंवा वर असतात त्यांच्याकडे ते बिघडेपर्यंत कोणी पाहत नाही. आपापल्या घरी कोणते भाग असे निसटून जातात आणि आपण त्यांचे काय करता, हे सविस्तर लिहावे.

नळदमयंती

ताई, चकती काढून दांड्यातली धार पाहण्याची तुमची रीत अगदी योग्य आहे. एक सावधगिरी मात्र वाचणाऱ्यांनी अवश्य पाळावी. चकती फिरवताना दुसऱ्या हाताने दांडा घट्ट धरावा, नाहीतर चकतीऐवजी दांडाच भिंतीतल्या एल्बोत, म्हणजे वळणाच्या जोडात, फिरतो. तिथला आटा सैल झाला की पाणी भिंतीच्या आत झिरपू लागते आणि त्याची ओल आपल्याला दिसण्याआधी खालच्या मजल्यावरच्या लोकांना दिसते. पान्याच्या जबड्याला फडके गुंडाळावे, म्हणजे मुलाम्यावर ओरखडे उठत नाहीत.

परत बसवताना दांड्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळावी. आट्याचे तोंड आपल्याकडे धरून ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, चार-पाच वेढे ताणून गुंडाळली तर आवळताना उलगडत नाही. हँडशॉवरच्या पाइपाच्या टोकांना मात्र टेप लावायची नसते, कारण तिथली गळती आतला सपाट रबरी वॉशर थांबवतो. अनेक कारागीर सवयीने तिथेही टेप लावतात, आणि मग तिचेच तुकडे सुटून तुमच्या जाळीत सापडली तशी चिंधी तयार होते.

खटपट्या

पांढऱ्या खपल्या गरम पाण्याच्या बाजूलाच का निघाल्या, यावर थोडे लिहितो.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापले की कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधी चुनखडी, मागे उरते. ती गीझरच्या कॉइलवर आणि टाकीच्या तळाशी साचते, तिच्या खपल्या सुटतात आणि वाहत जाऊन पहिल्या जाळीत अडकतात. चकतीच्या छिद्रांपाशी प्रकार थोडा वेगळा असतो. शॉवर बंद केल्यावर प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी एक थेंब लटकून राहतो, तो वाळतो आणि क्षारांचे बारीक कडे मागे ठेवतो. रोज एक कडे चढत गेले की छिद्र एका बाजूने अरुंद होते आणि पाणी तिरके उडू लागते. तुमच्या आरशावर आलेले पाणी असेच आले.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत सवलत आहे. समजा, पाण्याचा कठीणपणा 400 आहे आणि शॉवरमधून मिनिटाला 8 लिटर पाणी येते. दहा मिनिटांच्या आंघोळीत 80 लिटर पाण्याबरोबर 32 ग्रॅम क्षार त्या चकतीतून जातात. त्यातला अगदी थोडा अंश मागे राहतो, पण तो रोज राहतो. पाणी कठीण आहे की नाही हे ओळखायला स्वयंपाकघर पुरेसे आहे. तूरडाळ नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या मागू लागली आणि साबणाला फेसाऐवजी साका येऊ लागला, की समजावे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राबरोबर मिळणारा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ दाखवणारे उपकरण, मात्र यात नीट मार्गदर्शन करत नाही, कारण तो मीठही मोजतो आणि चुनाही.

जाता जाता एक सूचना करतो. सफाईच्या आधी आणि नंतर दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे. 'आता बरी येते' या शब्दांपेक्षा तो आकडा अधिक बोलका असतो.

आजोळ

एवढा खटाटोप कशाला करायचा? टाइल्स धुण्याचे अ‍ॅसिड दुकानात स्वस्तात मिळते. मी ते ब्रशने शॉवरवर आणि नळांवर लावतो आणि दोन मिनिटांत धुऊन टाकतो. सगळे लखलखीत होते. गेली अनेक वर्षे आमच्याकडे हेच चालू आहे.

नळदमयंती

आजोळ, आपल्या अनुभवाचा मान राखून सांगते की हा सल्ला इतरांनी कृपया अमलात आणू नये. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. नळावरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि त्याखाली निकेल व मग पितळ किंवा प्लास्टिक असते. हे आम्ल चुनखडी विरघळवता विरघळवता तो थरही खाते. पहिल्या काही वेळा चकाकी येते, त्यानंतर काळपट ठिपके दिसू लागतात, आणि पुढे मुलाम्याचे पोपडे सुटतात. ते कशानेही भरून येत नाहीत.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, असे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइटचे कोणतेही द्रव एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. एका साफसफाईनंतर न धुता दुसरी केली, तरी बंद न्हाणीघरात हे घडू शकते. डोळे चुरचुरून खोकला येऊ लागला, तर घासणे तिथेच टाकून बाहेर पडावे आणि दार-खिडकी उघडी ठेवावी.

लिंबूसत्त्व किंवा पांढरे व्हिनेगर ही सौम्य आम्ले तेच काम अधिक वेळ घेऊन करतात. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे लिंबूसत्त्व पुरते. तांब्या-पितळेची भांडी आपण चिंचेने घासतो, तेव्हाही आम्लच कामाला येते. मात्र भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी क्रोमला लावू नये. काळ्या, सोनेरी किंवा मॅट रंगाच्या नळांना तर सौम्य आम्लही न लावता साबणाचे पाणी आणि मऊ फडके वापरावे.

मोरीतला_शहाबाद

माझ्या नावावरून ओळखले असेलच की आमच्या जुन्या घराच्या मोरीत शहाबादी फरशी आहे. शहाबादी काय किंवा कोटा काय, दोन्ही चुनखडीचेच दगड आहेत, आणि संगमरवरही त्याच कुळातला. जे आम्ल शॉवरवरची चुनखडी विरघळवते ते खालच्या फरशीला आपपर मानत नाही. मी एकदा स्थिर शॉवरला व्हिनेगरची पिशवी रबराने बांधून ठेवली होती. पिशवीला बारीक भोक होते आणि माझे लक्ष नव्हते. तासाभराने खाली फरशीवर ताटलीएवढा पांढुरका, खरखरीत डाग उमटलेला होता, तो आजही आहे. तेव्हापासून मी पिशवीखाली बादली ठेवतो, फरशी आधी भरपूर पाण्याने भिजवतो, आणि शक्य असेल तिथे चकती काढून स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या पातेल्यात भिजवतो.

टेम्सकाठी

आम्ही लंडनच्या परिसरात राहतो. इथले बरेचसे पाणी खडूच्या खडकातून येते, त्यामुळे केटलच्या तळाशी पांढरा थर बसणे इथे सर्वांनाच सवयीचे आहे. इथल्या आरोग्य व सुरक्षाविषयक सरकारी यंत्रणेच्या मार्गदर्शनात शॉवरची चकती आणि पाइप निदान दर तीन महिन्यांनी साफ करावेत, आणि जे नळ किंवा शॉवर क्वचित वापरले जातात त्यांतून आठवड्यातून एकदा तरी पाणी वाहू द्यावे, असे सांगितलेले आहे. त्यामागे क्षारांपेक्षा लीजनेला या जिवाणूची काळजी अधिक आहे. मूळ धाग्यात पाहुण्यांच्या न्हाणीघराचा उल्लेख आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले. तो शॉवर दोन पाहुण्यांच्या मधल्या काळात किती दिवस बंद असतो?

सहावा_मजला

प्रामाणिकपणे सांगायचे तर कधी कधी तीन-तीन महिने. असा विचार मी कधी केलाच नव्हता.

सूक्ष्मदर्शी

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असल्यामुळे यावर जरा विस्ताराने लिहिते.

लीजनेला हे नाव 1976 सालच्या एका घटनेवरून पडले. फिलाडेल्फियातील एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते, आणि त्यानंतर अनेक प्रतिनिधींना तीव्र न्यूमोनिया होऊन त्यांतील कित्येक जण दगावले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला कारणीभूत जिवाणू सापडला. हा जिवाणू पाणी प्यायल्याने सहसा बाधत नाही. त्याचे सूक्ष्म तुषार श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर तो बाधतो, आणि शॉवर हे तर तुषार तयार करण्याचेच साधन आहे. साधारण 20 ते 45 अंश सेल्सियसच्या साचलेल्या पाण्यात त्याची वाढ होते आणि 60 अंशांच्या आसपास तो मरू लागतो. आपल्याकडे बंद न्हाणीघराच्या पाइपातले पाणी बहुतेक सगळे वर्ष याच वाढीच्या टप्प्यात असते, हे लक्षात घ्यावे.

कोलोरॅडो विद्यापीठातील नॉर्मन पेस यांच्या गटाने 2009 साली अमेरिकेतील अनेक शहरांमधल्या शॉवरच्या चकत्यांच्या आतला बुळबुळीत थर तपासला. पाण्यात एरवी तुरळक असणारे मायकोबॅक्टेरियम एव्हियमसारखे जिवाणू काही चकत्यांच्या थरात शंभर पटींहून अधिक प्रमाणात सापडले. निरोगी माणसाने यामुळे शॉवर सोडून तांब्याने आंघोळ करावी असे मुळीच नाही. परंतु घरात फुप्फुसाचा जुना विकार असलेली, केमोथेरपी चालू असलेली किंवा अतिशय वृद्ध व्यक्ती असेल, तर ही निगा केवळ स्वच्छतेची हौस राहत नाही. बराच काळ बंद असलेला शॉवर सुरू करताना चकतीभोवती पिशवी धरावी किंवा पाइप बादलीत सोडावा, म्हणजे तुषार उडणार नाहीत, आणि आधी गार व मग गरम पाणी काही मिनिटे वाहू द्यावे. ते पाणी बादलीत धरून फरशीसाठी वापरता येते.

पडद्याच्या कडेला, साबणाच्या जाळीखाली आणि हँडशॉवरच्या खुंटीत जो गुलाबी बुळबुळीत थर येतो, त्याला पुष्कळ जण गंज समजतात. बहुतेक वेळा ते सेरॅशिया मार्सेसेन्ससारखे जिवाणू असतात आणि साबण-शांपूच्या अवशेषांवर वाढतात. क्षार नसल्यामुळे ते लिंबूसत्त्वाने नीट जात नाहीत. साबणाने घासून जागा कोरडी ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

जांभ्यावरचा_फणस

रत्नागिरीकडच्या आमच्या घरी हा पांढरा थर जवळजवळ दिसतच नाही. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मऊ असते, पण किंचित आम्लधर्मी असते आणि त्यात लोह असते. त्यामुळे चकतीत तांबूस गाळ साचतो आणि पितळी जोडांवर हिरवट थर येतो. आमची आजी कल्हई उडालेल्या भांड्यातल्या पदार्थाला कळकले म्हणायची, त्यातलाच हा प्रकार. नळाच्या एखाद्याच जोडावर असा हिरवा डाग दिसू लागला, तर तो पुसून मोकळे होऊ नये. बहुधा तिथे केसाएवढी गळती असते, पाणी येता येता सुकत असते आणि म्हणून थेंब कधी दिसत नाही. जोडाभोवती रात्री कोरडा टिश्यू गुंडाळून ठेवला आणि सकाळी पाहिला, तर लगेच कळते.

खटपट्या

मुंबईच्या एका मित्राने विचारले म्हणून इथेही लिहितो. शॉवरच्या आधी बसवायच्या छोट्या फिल्टरने पाणी मऊ होते असे विक्रेते सांगतात. त्यातले काही फिल्टर वाळू, गंज आणि थोडा क्लोरीन अडवतात, तेवढ्यापुरते ते उपयोगी आहेत. विरघळलेला कॅल्शियम मात्र जाळीतून जसाच्या तसा पुढे जातो. तो काढायचा तर मिठाने पुन्हा पुन्हा ताजी करावी लागणारी रेझिनची टाकी लागते, आणि ती वीतभर नळकांड्यात मावत नाही. पॉलिफॉस्फेटचे गोळे असलेला फिल्टर कॅल्शियम काढत नाही, पण त्याचा थर बसणे काही प्रमाणात रोखतो. गीझरच्या आधी तो बसवलेला मला तरी फायद्याचा वाटला.

नळदमयंती

आता चकती सोडून बाकीच्या दुर्लक्षितांकडे वळू या. माझ्या मते, सर्वांत जास्त हेळसांड होते ती हेल्थ फॉसेटच्या, म्हणजे शौचालयातील हातात धरायच्या फवाऱ्याच्या, पाइपाची. त्याचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीवरचा छोटा नळ, चोवीस तास उघडा असतो आणि पाणी केवळ हातातल्या घोड्याने अडवलेले असते, म्हणजे उंच इमारतीतल्या टाकीचा पूर्ण दाब रात्रंदिवस त्या पातळ रबरी नळीवर येत राहतो. बाहेरचे स्टीलचे वेटोळे चकचकीत दिसते आणि आतली नळी मात्र टोकापाशी चिरलेली असते. लोक गावाला गेलेले असताना ती फुटते आणि दाराखालून पाणी जिन्यावर येते. वापरानंतर अँगल कॉक बंद करावा. रोज जमत नसेल, तर गावाला जाताना तरी विसरू नये. आणि तो कॉक महिनोन्‌महिने अजिबात फिरवला नाही, तर क्षारांनी धरतो आणि गरजेच्या वेळी फिरत नाही, म्हणून अधूनमधून पूर्ण बंद-उघड करावा.

असाच दुसरा दोष हँडशॉवरचा असतो. काही जण मिक्सर उघडा ठेवून मुठीवरच्या बटणाने पाणी थांबवतात. अशा वेळी गरम आणि गार या दोन्ही वाहिन्या मिक्सरमधून एकमेकींना जोडलेल्या राहतात आणि ज्या बाजूचा दाब जास्त तिचे पाणी दुसरीकडे घुसते. गार नळाला कोमट पाणी येते, अशी तक्रार घेऊन लोक गीझर दुरुस्त करणाऱ्याला बोलावतात आणि त्याला काहीच सापडत नाही.

पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या डायव्हर्टरची मूठ जड झाली, तर आतल्या रबरी कड्यांना सिलिकॉनचे ग्रीस लावावे. पेट्रोलियम जेली लावू नये, कारण नळांत वापरले जाणारे ईपीडीएम रबर तिने फुगते. दांड्याभोवती भिंतीलगत बसवलेल्या गोल वाटीची वरची कड सिलिकॉनने बंद करावी आणि खाली बोटभर जागा मोकळी ठेवावी. आत गळती झालीच, तर पाणी तिथून बाहेर येऊन आपल्याला दिसते.

मोरीतला_शहाबाद

नहाणी ट्रॅपचे, म्हणजे न्हाणीघराच्या फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचे, कोणी नावच काढले नाही! आपल्या 'न्हाणी'चा हा शब्द इंग्रजी बोलणाऱ्या अभियंत्यांच्या नकाशांतही तसाच लिहिला जातो, आणि त्याचे मला फार कौतुक आहे. या ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम साठून राहते आणि तेच गटारातला वास व झुरळे अडवते. न वापरलेल्या न्हाणीघरात ते पाणी उन्हाळ्यात सुकते, आणि मग आपण खोलीत सुगंधी फवारे मारत बसतो. आठवड्याला एक तांब्या पाणी ओतणे पुरते. सूक्ष्मदर्शींनी सांगितल्याप्रमाणे शॉवर वाहू दिला, तर हे काम आपोआपच होते. जाळी मात्र उचलून आतले केस हातानेच काढावे लागतात.

टेम्सकाठी

सोसायटीची टाकी धुतल्यावर किंवा पंप दुरुस्त झाल्यावर पहिले पाणी शॉवरमधून घेऊ नये, अशी भर घालतो. आईच्या पुण्यातल्या घरी मी हा प्रमाद केला होता. तळाचा गाळ हलल्यामुळे आलेली वाळू थेट मिक्सरच्या आतल्या, पाणी उघड-बंद करणाऱ्या सिरॅमिक चकत्यांमध्ये गेली, त्यांवर चरे पडले आणि तेव्हापासून तो मिक्सर कितीही घट्ट बंद केला तरी टिपकत राहिला. शेवटी आतले कार्ट्रिज बदलावे लागले. आधी खालचा साधा, जाळी नसलेला नळ पाणी स्वच्छ होईपर्यंत सोडावा.

आजोळ

नळदमयंती, तुमचे वाचून मी आमचे नळ उजेडात नीट पाहिले. जुन्या न्हाणीघरातल्या वॉल मिक्सरच्या खालच्या अंगाला काळे ठिपके आहेत आणि एका ठिकाणी मुलामा नखाने निघतो. मी आजवर याचे खापर नळाच्या प्रतीवर फोडत होतो. उरलेली बाटली आता गॅलरीतल्या कपाटात ठेवली आहे, परंतु ती टाकायची कशी हेही सांगावे.

नळदमयंती

टाकण्याची घाई नको. बाटलीचे झाकण घट्ट लावून, वर नाव लिहून, मुलांच्या आणि ब्लीचिंग पावडरच्या संपर्कापासून दूर ठेवावी. सोसायटीत घातक घरगुती कचरा वेगळा गोळा होत असेल, तर त्यात द्यावी. दुसऱ्या कोणत्याही बाटलीत ओतू नये, विशेषतः पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या तर मुळीच नाही.

सहावा_मजला

सर्वांचे मनापासून आभार. पाहुण्यांच्या न्हाणीघराच्या सफाईआधी मोजमाप केले नव्हते, म्हणून या रविवारी आमच्या स्वतःच्या न्हाणीघरात खटपट्यांच्या सूचनेप्रमाणे बादली लावली. दहा लिटर भरायला आधी दोन मिनिटे चाळीस सेकंद लागत होते, जाळ्या आणि चकती धुतल्यावर सव्वा मिनिट लागले. हेल्थ फॉसेटचा अँगल कॉक खरोखरच जागचा हलेना. तो जबरदस्तीने फिरवण्याचा मोह आवरला आहे, आणि प्लंबर येईल तेव्हा मुख्य व्हॉल्व्ह बंद करूनच त्याला हात लावू देणार आहे. पाहुण्यांच्या न्हाणीघरात शनिवारी सकाळी पाणी सोडण्याचे काम चिरंजिवांकडे सोपवले आहे. नहाणी ट्रॅपची जाळी उचलून पाहिली, आणि ताबडतोब परत ठेवली. हातमोजे आणले की तिच्याकडे वळेन.